लिफ्टमनचा मेनू

आमच्या भावजींना घेऊन कुठे वेळेवर पोहोचायचं असेल, तर त्यांना एक तास आधीची वेळ सांगावी लागते. हे मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी शिकले. तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि शाळेची घंटा झाल्यावर बुटाची नाडी बांधायला बसायचे. आज साठी ओलांडली, पण नाडी अजून तशीच बांधतात. आधी दोन्ही टोकं सारख्या लांबीची आहेत का ते बघणार, मग गाठ, मग ती गाठ सोडून पुन्हा गाठ. लग्नाच्या बाबतीतही तेच. एक मुलगी बघितली, आवडली, विचार करून सांगतो म्हणाले. विचार पूर्ण झाला तोवर ती दुसऱ्याच्या घरी रुळली होती. आमचे हे होते तोवर दोघा भावांचं एकमेकांत चालायचं. हे गेल्यापासून या गोगलगायीशी माझी एकटीची गाठ आहे.

अशा माणसाला नकाशांच्या ऑफिसात लिफ्टमनची नोकरी मिळाली, तेव्हा मला वाटलं, आता लोक जिन्यानेच जाणार. पण झालं उलटंच. चार मजल्यांची जुनी इमारत, पितळी दांड्याची लिफ्ट, सरकणारं जाळीचं दार. बावीस वर्षं त्यांनी ती चालवली. त्या बावीस वर्षांत कुणाच्या तोंडावर दार लागलं नाही आणि लिफ्ट कुणासाठी उगाच ताटकळलीही नाही. एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. लिफ्टसमोर लांब व्हरांडा होता, त्याच्या एका टोकाला लिफ्ट आणि तिच्या शेजारीच पाण्याचा नळ. व्हरांड्यातून येणारा माणूस लिफ्टकडे येतोय की पाणी प्यायला, हे ओळखणार कसं? भावजी मात्र एकासाठी दार धरत आणि दुसऱ्यासाठी सरळ ओढून घेत, आणि एकदाही चुकले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, चेहरा बघून काही कळत नाही, चेहरा सगळ्यांचाच घाईत असतो. चपलेचं टोक कुठे वळलंय ते बघायचं.

मी हसले आणि विसरून गेले.

पुढे ती लिफ्ट काढून बटणांची आपोआप चालणारी बसवली. भावजींना कॉम्प्युटरच्या खोलीत पाठवलं, कशाला तर धूळ पुसायला. त्यांनी धूळ पुसता पुसता पुस्तिका घरी आणायला सुरुवात केली. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. मी गणिताची पदवीधर, शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवलेली. जेवणाच्या टेबलावर त्यांची शिकवणी मीच घेतली. एकेका पानाला तीन तीन दिवस लागत. मी टेबलावर हात आपटायची आणि ते शांतपणे म्हणायचे, "वहिनी, हे वाक्य पुन्हा एकदा." पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नसे. चार वर्षांत अशी वेळ आली की ऑफिसातली एकोणीस कॉम्प्युटर कुणाला विचारून चालू करायची, तर भावजींना. प्रोग्राम लिहायलाही ते तसेच शिकले, मुंगी साखर नेते तसे, एकेक कण.

ती कॉम्प्युटर होती जुनी. वजनदार सॉफ्टवेअर घातलं की घोरायला लागत. म्हणून भावजींनी त्यांच्यावर एक हलका विंडो मॅनेजर बसवला होता. विंडो मॅनेजर म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम. कोणती खिडकी पुढे, कोणती मागे, कोणती कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं तो बघतो. घरातली थोरली सून समजा. पाहुण्यांना ती दिसतही नाही, पण एक दिवस ती नसली तर कोण कुठे बसलंय आणि कुणाचं ताट कुणापुढे गेलंय याचा पत्ता लागत नाही. हा प्रोग्राम देशोदेशीचे पाचपन्नास हौशी लोक फुकट बनवतात आणि पत्रं लिहून एकमेकांशी भांडतात. त्यात चित्रं नाहीत की बटणं नाहीत. स्क्रीनवर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबलं की मेनू उघडतो, म्हणजे एक यादी. तिच्यातल्या 'कामं' या ओळीवर बाण नेला की तिच्या उजव्या बाजूला दुसरी यादी उघडते. दुसरीत 'शीट' या ओळीवर नेला की तिसरी, आणि त्या तिसऱ्या यादीत नद्या, रस्ते, इमारती, हद्दी. नदी काढायची तर नद्यांची खिडकी, रस्ता आला की रस्त्यांची. एका शीटसाठी, म्हणजे नकाशाच्या एका कागदासाठी, हा मेनू शंभर वेळा तरी उघडावा लागतो.

आता रेघबाई. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत आणि त्याही ओ देत. तीस वर्षांपूर्वी त्या शाईच्या पेनाने नकाशे काढायला लागल्या. नदीची रेघ अशी काढत की पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते कळावं. कॉम्प्युटर आल्यावर बरोबरीच्या दोघींनी राजीनामे दिले. रेघबाई मात्र माऊस शिकल्या. डाव्या हातात भिंग धरून जुन्या कागदी शीटवर बघायचं आणि उजव्या हाताने स्क्रीनवर ठिपक्यामागून ठिपका ठेवत रेघ पुढे न्यायची. त्यांची रेघ तिथेही ओळखू यायची.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या घराच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. हाड जुळलं, पण जरा तिरकं. ठिपके अजूनही अचूक पडत. पण हात एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा म्हटलं की तो सरळ न जाता कमानीसारखा खाली उतरून मग बाजूला जायचा. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. टेबलाच्या खणात एक रबरी चेंडू ठेवला होता, डॉक्टरांनी दाबायला सांगितलेला. तो त्या कुणी नसताना दाबत.

त्याच सुमारास विभागाला नवे साहेब आले. पस्तिशीचे, हुशार, आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करणारे. तक्त्यात दिसलं की बाकीचे आठवड्याला पाच शीट पूर्ण करतात आणि रेघबाई तीन. साहेब आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी रेघबाईंना बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार तरी शीट झाली पाहिजेत. नाही झाली तर एक तारखेपासून तळघरात, जुन्या शीटवर नंबर टाकायला. तिथे दगदग नाही, असंही वर म्हणाले. रेघबाई बरं म्हणून बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, हे भावजींनी मला रात्री सांगितलं. नदी काढणाऱ्या बाईला तळघरात नंबर टाकायला बसवायचं, म्हणजे गवयाला तंबोरे पुसायला ठेवण्यातला प्रकार.

कॉम्प्युटर मंद आहे का ते बघा, असं साहेबांनी भावजींना सांगितलं. भावजींनी आतून साफ केलं, नवा माऊस दिला. फरक शून्य. मग त्यांनी त्यांना जमतं ते केलं. एक स्टूल घेतलं आणि दिवसभर रेघबाईंच्या मागे बसून राहिले. दुसऱ्या कुणाला हे परवडलं नसतं, दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. संध्याकाळी त्यांच्या वहीत एकशे ऐंशी काड्या होत्या आणि त्यांतल्या चौसष्ट आडव्या कापलेल्या. एकशे ऐंशी वेळा मेनू उघडला आणि चौसष्ट वेळा तो रेघबाईंच्या तोंडावर बंद झाला.

कारण साधं होतं. 'कामं'वरून दुसऱ्या यादीत जायचं तर बाण त्या बोटभरही नसलेल्या ओळीतूनच, अगदी आडवा, सरळ न्यायला हवा. जरा खाली घसरून शेजारच्या ओळीला लागला की मेनूला वाटतं, यांना ती दुसरीच ओळ हवी आहे, आणि उघडलेली दुसरी यादी पटकन मिटते. रेघबाईंचा हात कमानीतूनच जाणार. मग पुन्हा पहिल्यापासून. रेघबाई दर वेळी काय म्हणत होत्या, तर मेलं माझं मनगट. चौसष्ट वेळा. मेनूला एकदाही काही म्हणाल्या नाहीत.

भावजींनी पहिला उपाय केला तो त्यांच्या स्वभावाला शोभेलसा. मेनूलाच सावकाश केलं. बाण बाहेर गेला तरी यादी पाऊण सेकंद उघडीच राहील, अशी सोय एकोणीसही कॉम्प्युटरवर केली. रेघबाईंना थोडा आराम पडला, पण बाकी अठरा जण वैतागले. जेवण झाल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारख्या याद्या स्क्रीनवर रेंगाळायला लागल्या. रस्ते काढणारा एक गडी होता, जिभेने तिखट. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला की लिफ्टमनने स्वतःचा वेग मशीनला दिला, आता मशीनलाही नाडी बांधायला शिकवा. भावजी हसले आणि पाऊण सेकंद काढून टाकला. नाहीतरी रेघबाईंच्या हाताला कधी पाऊण सेकंद लागायचा, कधी दीड.

दुसरा उपाय माझा. हे मी लपवणार नाही. जेवताना मी म्हटलं, मेनूत शोधाशोध कशाला, ज्या ओळी लोक जास्त वापरतात त्या आपोआप वर सरकायला हव्यात. भाजीवालाही खपणारा माल पुढे मांडतो. भावजी म्हणाले, बघतो विचार करून. मी म्हटलं, महिना संपतोय, विचार पुरे, करा. त्यांनी केलं. ते घाईने काही करत नाहीत आणि जेव्हा करतात तेव्हा ते माझ्यामुळे, हेही सांगून टाकते.

सोमवार, मंगळवार, बुधवार सगळे खूश. गुरुवारी सकाळी अनर्थ. प्रोग्राम काय मोजत होता, तर कुठल्या ओळीवर क्लिक करून काम झालं ते. पण पहिल्या यादीतल्या 'कामं'सारख्या ओळी म्हणजे नुसती दारं. त्या दुसरी यादी उघडून देतात, स्वतः काही करत नाहीत, म्हणून त्यांच्या खात्यात काहीच जमा होईना. त्या यादीत खरं काम करणारी ओळ एकच होती, अगदी तळाशी: 'कॉम्प्युटर बंद करा'. तिच्यावर प्रत्येक जण रोज घरी जाताना न चुकता क्लिक करायचा. ओळी दिवसाला एकच पायरी सरकत, त्यामुळे तीन दिवसांत ती सगळ्यांना मागे टाकून वर चढली आणि चौथ्या दिवशी सकाळी 'कामं'च्या जागेवर जाऊन बसली. दहा वर्षांच्या सवयीचे हात. मेनू उघडला, न बघता पहिल्या ओळीवर क्लिक केलं, स्क्रीन काळी. चहाच्या सुट्टीपर्यंत अकरा कॉम्प्युटर झोपली. त्यांत साहेबांचं, तक्त्यासकट. रेघबाईंची अर्धी नदी गेली आणि त्या आठवड्यात त्यांची दोनच शीट झाली.

साहेबांनी भावजींना बोलावलं. तेव्हाही खुर्ची दिली. जुना मेनू आजच्या आज परत, आणि बाकीच्या अठरा मशीनना पुन्हा हात लावायचा नाही. रेघबाईंच्या मशीनवर हवं ते करा, नाहीतरी तिथलं काम पुढच्या शुक्रवारी संपतंय.

घरी आल्यावर भावजींनी नेहमीसारखे बूट काढून जागेवर ठेवले. कल्पना माझी होती, याची आठवणही करून दिली नाही. एखादा चिडला तर निदान भांडता तरी येतं. मी त्यांना वरणभात वाढायच्या ऐवजी दोनदा पाणीच वाढलं.

शनिवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, भावजी सोबत होते. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. मी काठी टेकत लिफ्टकडे निघाले, चार पावलं उरली असताना दार मिटायला लागलं. मी चांगली काठी हलवून दाखवली. लिफ्टला काय त्याचं. ती गेली. दुसऱ्यांदा आली, तेव्हा आत कुणी नव्हतं, तरी मी बाकावर बसलेली असताना दार उघडं टाकून अर्धा मिनिट उभी, आणि मी उठून आत पाऊल टाकणार तेवढ्यात पुन्हा मिटायला लागली. मी लिफ्टला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"तुम्ही कसं हो थांबवायचात बरोबर?" मी चिडून भावजींना विचारलं.

"चपलेचं टोक बघून," ते म्हणाले, आणि दारात पाय घालून तसेच उभे राहिले.

दार त्यांच्या बुटाला लागून उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन थांबली होती. मी म्हटलं, अहो, आत जा किंवा बाजूला व्हा. भावजी बाजूला झाले. मी काठी पुढे टाकेपर्यंत लिफ्ट त्या बाईला घेऊन गेली आणि मी पुन्हा खालीच. भावजींनी माझ्या हातातून डॉक्टरांचा कागद घेतला, भिंतीला टेकवला आणि त्याच्या पाठीवर मेनू काढायला लागले.

मला हे पटकन कळलं, कारण त्यांनी काढला तो त्रिकोण होता. बाण जिथे आहे तो एक बिंदू. उघडलेल्या यादीचा वरचा कोपरा दुसरा, खालचा कोपरा तिसरा. बाण या त्रिकोणाच्या आतून पुढे जात असेल, तर माणूस यादीकडेच निघालाय, मग वाटेत कुठलीही ओळ लागो, यादी मिटायची नाही. बाण त्रिकोणाबाहेर वळला, तर त्याला खरंच दुसरी ओळ हवी आहे, मग क्षणभरही थांबायचं नाही. सगळ्यांसाठी थांबणं हे जितकं चूक तितकंच कुणासाठीच न थांबणंही. जो येतोय त्याच्यासाठी थांबायचं, एवढंच. बावीस वर्षं हे त्यांच्या पायाशी रोज घडत होतं आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर आठवलं नाही, कारण तिथे चपला नसतात.

डोळ्यांची वेळ चुकली. आम्ही वर न जाता होतो तिथूनच घरी आलो.

रविवारी दुपारपर्यंत त्यांनी ते लिहून काढलं. एक बिंदू रेघेच्या कुठल्या बाजूला पडतो हे कसं काढायचं, तेवढं माझ्याकडून घेतलं, आणि मी हात न आपटता सांगितलं. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी करून बघितलं, मी करून बघितलं, सुरेख चाललं. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, आपली मनगटं सरळ आहेत. मग त्यांनी शाळेची लाकडी पट्टी आणली, माझ्या मनगटाखाली तिरकी धरली, वर बँडेज गुंडाळलं आणि म्हणाले, आता नदी उघडा. हात पहिल्यांदा खालीच घसरला आणि यादी फटकन मिटली. तीस वर्षं मी पोरांना जी पट्टी दाखवली तिच्यात शेवटी मीच अडकले. रेघबाईंचा हात आधी खाली उतरतो आणि मग बाजूला वळतो, म्हणजे सुरुवातीला तो त्रिकोणाच्या कडेबाहेर पडतो. भावजींनी त्रिकोणाच्या टोकाला जरा ऐसपैस जागा दिली, दारात पाऊल टाकायला उंबऱ्यापुढे असते तशी. असं करत करत, मला संध्याकाळी साडेसहाला सोडवलं तेव्हा मेनू शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा उघडा राहात होता आणि माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, रेघबाई हात धुवायला गेल्या असताना, भावजींनी तो नवा मेनू त्यांच्या मशीनवर बसवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

मंगळवारी रेघबाई भावजींच्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या की चेंडूचा उपयोग होतोय. कालपासून हात ऐकायला लागलाय. भावजी म्हणाले, छान. बुधवारी तिसरं शीट संपलं. गुरुवारी त्या गुणगुणत होत्या आणि चेंडू उघड्यावर, टेबलावर ठेवला होता. भावजी घरी हे सगळं मला सांगत आणि मी म्हणे, अहो, सांगून टाका बाईंना, श्रेय चेंडूला कशाला? ते फक्त जेवत राहत.

शुक्रवारी चौथं शीट झालं. आठवड्याची सगळी शीट शुक्रवारी एकदमच कागदावर छापत, आणि त्यासाठी कोपऱ्यातल्या मोठ्या छपाईयंत्राजवळच्या कॉम्प्युटरवर जावं लागे. साहेब तिथेच उभे होते, तक्ता हातात. रेघबाई बसल्या, मेनू उघडला, 'कामं'वर गेल्या आणि यादी मिटली. पुन्हा उघडला, पुन्हा मिटली. तिसऱ्यांदाही. सगळी खोली बघत होती. साहेबांनी विचारलं, दुखतंय का? रेघबाई उठल्या, आपल्या मशीनपाशी गेल्या आणि उभ्या उभ्याच मेनू उघडला. उघडाच राहिला. पुन्हा कोपऱ्यात आल्या. मिटला. असं दोनदा त्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, आणि मग थांबून त्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजी बुटाकडे बघत होते.

चार शीट झाली होती. त्या गप्प राहिल्या असत्या तर जागा वाचलीच होती, आणि हात बरा झाला असं सगळे धरून चालले असते.

"साहेब, माझा हात काही बरा झालेला नाही," रेघबाई म्हणाल्या. "तो आता असाच राहणार. मेनू बरा झालाय, आणि तोही फक्त माझ्या मशीनवर. तुम्हीच बसून बघा."

साहेब बसले. ते घाईचे, त्यामुळे त्यांचा बाणही तिरकाच निघायचा. कोपऱ्यातल्या मशीनवर दोनदा मिटला. रेघबाईंच्या मशीनवर एकदाही नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मुद्दाम वाकडं नेऊन पाहिलं. मग म्हणाले, हे माझं रोज होतं, मला वाटायचं मीच धांदरट आहे. रस्तेवाला गडी पुढे आला आणि म्हणाला, माझंही होतं. मग एकेक जण कबूल व्हायला लागला. खोलीभर माणसं वर्षानुवर्षं मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होती, आणि एकानेही मेनूवर संशय घेतला नव्हता.

साहेबांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. रेघबाईंची खुर्ची जिथे आहे तिथेच राहील, आणि सोमवारी हा मेनू सगळ्यांना हवा, आधी कोपऱ्यातल्या मशीनला, असं सांगून ते गेले.

रेघबाई भावजींच्या टेबलाशी आल्या. "मला का नाही सांगितलंत? मी चार दिवस चेंडूच्या पाया पडायची बाकी होते."

"दार धरलं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही," भावजी म्हणाले.

रेघबाईंनी पुढची दोन वर्षं नद्या काढल्या. चेंडू त्यांनी रस्तेवाल्याच्या मुलीला खेळायला दिला.

भावजींनी ते सगळं लिहून विंडो मॅनेजर बनवणाऱ्यांनाही पाठवलं. पत्र मी तपासून दिलं. त्यांच्यातल्या मुख्य माणसाने उलट टपाली विचारलं की हा मेनू बारा वर्षं असाच आहे, आजवर कुणी तक्रार कशी केली नाही? याचं उत्तर भावजींनी मला न विचारता लिहिलं, आणि लिहायला तीन दिवस घेतले. दार अंगावर आलं तर माणूस दाराला बोलत नाही, स्वतःच्या पायांना बोलतो, एवढंच ते उत्तर होतं. खाली सही म्हणून लिहिलं: लिफ्टमन. थोडं भांडून झाल्यावर त्या लोकांनी तो बदल घेतला. नव्या आवृत्तीबरोबर बदलांची जी यादी येते तिच्यात कुठेतरी मधेच एक ओळ आहे, की मेनू आता येणाऱ्याचा रोख बघतो, लिफ्टमनचे आभार. मी ती ओळ छापून फ्रिजवर लावली. भावजींनी ती जरा तिरकी होती म्हणून काढून सरळ लावली.

आता किती देशांत किती लोक तो मेनू वापरतात कोण जाणे. मी त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, आत आलेल्यांची मोजदाद मी कधी ठेवली नाही.

आज रेघबाईंकडे आम्हाला चहाला पाचला बोलावलंय. मी भावजींना चार सांगितलं होतं. हे सगळं मी दारातल्या खुर्चीवर चपला घालून बसले आणि लिहून काढलं. पावणेपाच झाले आहेत आणि दुसऱ्या बुटाची नाडी अजून सोडून पुन्हा बांधायची आहे.